मैदानाभोवती गाव वसतं का?

स्टेडियम बांधा, परिसराचा कायापालट होईल, असं आश्वासन महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांनी कधी ना कधी ऐकलेलं आहे. कुठे जुन्या बाजारपेठेत जीव ओतण्यासाठी क्रीडासंकुल हवं असतं, कुठे ओसाड मध्यवस्तीत मॉलसकट नाट्यगृह. माणसं येतील, खर्च करतील, दुकानं चालतील, रोजगार वाढेल, हा तर्क ऐकायला बिनतोड वाटतो. पुण्यालगतच्या मुळशी तालुक्याने मात्र या तर्काची परीक्षा तीस वर्षं घेतली आहे. तिचा निकाल डोळ्यांसमोर असूनही तो कुणी वाचत नाही, हे माझं दुखणं आहे.

म्हाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभं राहिलं. म्हाळुंगे मुळशी तालुक्यातलं गाव. २०२१ मध्ये ते पुणे महापालिकेत गेलं. संकुल बांधलं तेव्हा आसपास शेती होती आणि पुणं बरंच अलीकडे संपत होतं. खेळाच्या बाजूने पाहिलं तर या वास्तूने आपलं काम चोख केलं आहे. २००८ मध्ये इथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, २०१८ पासून काही वर्षं एटीपी टेनिस झालं, जानेवारी २०२० मध्ये हर्षवर्धन सदगीरने इथेच कुस्तीतली महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे याच संकुलात सरावाला असायचा. सकाळी लवकर गेलात तर पोहण्याच्या तलावावर आणि धावपट्टीवर मुलं दिसतात, कडेला घड्याळ घेऊन उभे असलेले प्रशिक्षक दिसतात. एवढ्यावरच या संकुलाचा खर्च वसूल झाला असं मी मानतो.

पण बाजार? संकुलाच्या भिंतीला लागून चालत जा. आत एवढं मोठं आवार, बाहेर लांबच लांब कुंपण आणि सुसाट हायवे. चहाला थांबावं, वही-पेन घ्यावं, सायकलचं पंक्चर काढावं असं काही त्या भिंतीला चिकटून उगवलेलं नाही. उगवणार कसं? दुकानाला समोर दार लागतं, इथे समोर भिंत आहे. बालेवाडीत आज संध्याकाळी जिथे पाय ठेवायला जागा नसते ती हाय स्ट्रीट संकुलाच्या दाराशी नाही. ती वसली हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांच्या पगारांवर आणि बाणेर-बालेवाडीत झालेल्या हजारो फ्लॅटवर. संकुल नसतं तरी ती रांग लागलीच असती.

क्रीडासंकुलाने एक गोष्ट मात्र झपाट्याने केली. जमिनीला भाव आणला. ‘स्टेडियमजवळ’ हे दोन गुंठ्यांच्या जाहिरातीतलं ठरलेलं वाक्य झालं. मुळशीत जमीन विकून एकदम पैसा हातात आलेल्यांना लोक गुंठामंत्री म्हणतात आणि त्या पैशानंतर घरांचं काय होतं हे प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ने २०१८ मध्ये पडद्यावर मांडलं. जमिनीचा भाव वाढणं म्हणजे गाव समृद्ध होणं नव्हे. भाव वाढला की सगळ्यात आधी जातो तो भाड्याच्या गाळ्यातला छोटा दुकानदार, म्हणजे ज्याच्या जिवावर बाजार उभा राहतो तोच.

दुसरं उदाहरण मुळशीच्या शिवेपलीकडे, मावळातल्या गहुंज्याचं. एक्स्प्रेसवेच्या कडेला महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं स्टेडियम उभं राहिलं आणि डिसेंबर २०१२ मध्ये तिथे भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी झाली. त्याआधी पुण्याचं आंतरराष्ट्रीय क्रिकेट स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवर व्हायचं. १९९६ च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळलं ते तिथेच. सामना सुटला की सारसबाग, स्वारगेट, टिळक रोड पायाखाली. गहुंज्यात सामना सुटला की डोंगराखाली गाड्यांच्या दिव्यांची रांग आणि प्रत्येकाला घाई ती बाहेर पडण्याची. ऑक्टोबर २०२४ च्या न्यूझीलंड कसोटीत पहिल्याच दिवशी प्रेक्षकांना प्यायला पाणी पुरेना आणि संघटनेला माफी मागावी लागली. पेठेतल्या मैदानावर असं झालं असतं तर माणूस रस्ता ओलांडून हॉटेलात गेला असता. माळावर ओलांडून जायला पलीकडे काही नसतं. पाण्यावरूनच २०१६ मध्ये, दुष्काळाच्या वर्षी, मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर काढले होते. ज्या वास्तूला चालायला धरणाकडे बघावं लागतं तिच्यावर गावाच्या पोटाची भिस्त कशी ठेवायची?

यावर कुणी म्हणेल, दोन्ही स्टेडियम शहराबाहेर आहेत म्हणून असं. अमेरिकेसारखी ऐन शहरात बांधा. तिथला अनुभवही तपासलेला आहे. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बालिस्ट या अर्थतज्ज्ञांनी १९९७ मध्ये अनेक शहरांच्या स्टेडियमांचे हिशेब एकत्र मांडले. बाल्टिमोरचं १९९२ चं कॅम्डेन यार्ड्स हे मध्यवस्तीत बांधलेलं, देखणं, कायम गर्दी खेचणारं मैदान. त्यावर गुंतलेल्या सुमारे २० कोटी डॉलरच्या बदल्यात शहराच्या अर्थव्यवस्थेत वर्षाला जेमतेम ३० लाख डॉलरची भर पडते, असा त्यांचा हिशेब निघाला. कारण साधं आहे. घरातला करमणुकीचा पैसा ठरलेला असतो. सामन्याला गेलेला माणूस त्या आठवड्यात सिनेमाला जात नाही, हॉटेलात जात नाही. पैसा नवा येत नाही, एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो.

आता आपलाच एक हिशेब करून पाहू. समजा, चाळीस हजार आसनांचं स्टेडियम वर्षातून सहा दिवस भरलं. झाले दोन लाख चाळीस हजार प्रेक्षक. समजा, आठशे आसनांचं नाट्यगृह वर्षातले तीनशे दिवस रोज एका प्रयोगाला अर्धं भरलं. झाले एक लाख वीस हजार. आकड्यात स्टेडियम दुपटीने पुढे. पण शेजारच्या वडापाववाल्याला विचारा. चाळीस हजार माणसं एका रात्री आली तर त्याला त्यातल्या दोनशेंनाच खायला घालता येतं आणि उरलेल्या तीनशे एकोणसाठ दिवसांचं भाडं मात्र भरावंच लागतं. चारशे माणसं रोज आली तर तो दुकान टाकतो, पोराला हाताखाली घेतो, शेजारी पानवाला येतो, त्याच्या शेजारी पुस्तकांचा गाडा. बाजार गर्दीवर जगत नाही, राबत्यावर जगतो.

पुण्याच्या पेठा याचा सगळ्यात मोठा पुरावा आहेत. गणेशोत्सवाचे दहा दिवस जगातल्या कुठल्याही स्टेडियमला लाजवेल इतकी माणसं कसबा, बुधवार, शुक्रवार पेठांत उतरतात. एवढी गर्दी शतकाहून जास्त काळ दरवर्षी येत असूनही वाडे रिकामे व्हायचे थांबले नाहीत. माणसं कोथरूडला आणि सिंहगड रोडला गेलीच. मंडईजवळचं आर्यन हे १९१५ चं, पुण्यातलं पहिलं कायमचं चित्रपटगृह. ते पाडलं, आणि आज आर्यन म्हटलं की पुणेकराला पार्किंग आठवतं. १९५३ मध्ये सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव कितीतरी वर्षं शनिवार पेठेतल्या रमणबागेत व्हायचा. दोन गायनांच्या मधे माणसं स्वेटर-मफलरात चहाला बाहेर पडायची, अप्पा बळवंत चौकापर्यंत फिरून यायची. २०१८ पासून तो मुकुंदनगरला गेला. तिथे जागा ऐसपैस आहे, रसिकांची सोय झाली. पण पेठेच्या हातून एक हंगाम गेला तो गेलाच. मुद्दा असा, की पेठ उजाड होते ती करमणूक नसल्याने नव्हे. तिथे राहणं परवडत नाही, गाडी फिरत नाही, वाड्याचे वाद सुटत नाहीत म्हणून. त्यावरचा इलाज घरात आणि रस्त्यात आहे. मंडई आणि स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो २०२४ मध्ये आली. मध्यवस्तीला तिचा जितका उपयोग होईल तितका कुठल्याही बंदिस्त अरेनाचा होणार नाही.

मग करमणुकीची वास्तू शहराच्या काहीच कामाची नाही का? आहे, आणि ती कशी असावी हे बघायला कोल्हापूरला जावं. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधलं. युरोपच्या प्रवासात रोमचं भग्न रंगमंडल पाहिल्यावर त्यांच्या मनात ही कल्पना आली, असं सांगतात. मधे लाल मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक, म्हणजे सगळ्यात मागच्या माणसालाही कुस्ती दिसते. त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उघडलं, तेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. दुपारी कुस्ती, रात्री नाटक, आणि चालत जाता येईल इतक्यावर अंबाबाईचं देऊळ, महाद्वार रोड, जोतिबा रोड. मातीतल्या मोठ्या कुस्त्या आता खासबागेत पूर्वीइतक्या होत नाहीत, तरी खाऊगल्लीतला भेळेचा गाडा संध्याकाळी थांबत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले आणि दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा उभं करण्याची मागणी सुरू झाली. महाराजांनी पेठ जगवायला मैदान बांधलं नाही. जगत्या पेठेत मैदान बांधलं. मैदानाला आणि नाट्यगृहाला शहराने सांभाळलं, म्हणून शहराने त्यांच्यासाठी अश्रूही ढाळले.

मुळशीत हे सगळं आत्ता बोलायची गरज आहे, कारण तालुक्याच्या पूर्वेला एक नवं शहर डोळ्यांदेखत उभं राहतंय. हिंजवडी, माण, म्हाळुंगे, मारुंजी. माण ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या तिसऱ्या मेट्रो मार्गिकेचं एक टोक माणमध्ये आहे. म्हाळुंगे-माणला पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, म्हणजे पीएमआरडीएची, नगररचना योजना आहे. लाखो माणसं इथे कामाला येतात, हजारो राहतात. पण या शहराला अजून चौक नाही. संध्याकाळी सातला कंपनीची बस गेली की रस्त्यावर उरतात ते सुरक्षारक्षक. अशा वस्तीला ‘मध्य’ देण्यासाठी कुणीतरी भव्य अरेना सुचवणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

त्यापेक्षा मुळशीने आपल्याच जत्रांकडे बघावं. चैत्रात गावोगावी जत्रा भरतात. शेवटच्या दिवशी दुपारी फडात हलगी घुमायला लागते, पंच नारळावरची आणि शंभर रुपयांची कुस्ती आधी लावतात, पोरं लंगोट आवळत कडेला उभी असतात, आणि इनामाचा आकडा चढत जाऊन दिवस मावळताना शेवटची कुस्ती सुटते. फडाला भिंत नसते, तिकीट नसतं, पार्किंग नसतं. जिलेबी, भेळ, खेळणी, बांगड्या सगळं फडाच्या कडेलाच, आणि पैसा राहतो तालुक्यात. मामासाहेब मोहोळ याच मातीतले. महाराष्ट्र केसरीच्या गदेला त्यांचं नाव आहे. २०१७ च्या डिसेंबरात भूगावला महाराष्ट्र केसरी झाली तेव्हा कायमचं स्टेडियम कुणी बांधलं नव्हतं. मैदान आखलं, स्पर्धा झाली, जमीन पुन्हा गावाची झाली.

म्हणून मुळशीच्या ग्रामपंचायतींना, पीएमआरडीएला आणि आमदार-खासदारांना माझं उघड सांगणं आहे. आराखड्यात स्टेडियमचं आरक्षण टाकण्याआधी तीन जागा टाका. मेट्रो स्थानकापासून चालत पाच मिनिटांवर सहाशे-आठशे आसनांचं नाट्यगृह, ज्यात सकाळी शाळांचे कार्यक्रम, दुपारी भजनी मंडळांच्या स्पर्धा आणि रात्री व्यावसायिक नाटक होईल. त्याच्या चारही बाजूंना रस्त्याकडे तोंड केलेले लहान गाळे, भाडं बांधून दिलेले, स्थानिकांना आधी. आणि पौडला, तालुक्याच्या गावी, माती आणि मॅट दोन्ही असलेली तालीम, जी वर्षभर पहाटे उघडेल. या तिन्हींचा खर्च मिळून एका स्टेडियमच्या छपराएवढाही होणार नाही. हरकती-सूचनांची मुदत जाहीर झाली की तालुक्यातल्या प्रत्येक वाचकाने ही मागणी लेखी द्यावी, गट नंबरासकट.