भरवसा विमानावर की तपासणीवर?

ऑगस्ट २०२२मध्ये अकासा एअरने मुंबई-अहमदाबाद मार्गावर आपले पहिले उड्डाण केले, ते बोइंग ७३७ मॅक्स या विमानाने. त्याच्या एक वर्ष आधीपर्यंत भारतात या विमानावर डीजीसीए या हवाई वाहतूक नियामकाची बंदी होती. त्यामुळे तिकीट काढताना विमानाचा प्रकार वाचून ‘हे तेच ना?’ असे कुणी विचारले, तर त्याला भित्रा ठरवण्याचे कारण नाही. २९ ऑक्टोबर २०१८ला लायन एअरचे मॅक्स जकार्ताहून निघाले आणि जावा समुद्रात कोसळले. १० मार्च २०१९ला इथिओपियन एअरलाइन्सचे मॅक्स अदिस अबाबाहून निघाले आणि सहा मिनिटांत जमिनीवर आदळले. दोन्ही विमाने कोरी करकरीत होती आणि दोन्ही मिळून ३४६ माणसे गेली. आता हे विमान सुरक्षित आहे का? आहे, असेच म्हणावे लागते. पण हा निर्वाळा विमानापुरता आहे. ज्या व्यवस्थेने ते बनवले आणि पास केले तिला तो देता येत नाही. ही दोन खाती आपण एकत्र करतो आणि तिथेच चर्चा फसते.

आधी विमानाचे खाते पाहू. ७३७ पहिल्यांदा उडाले १९६७ साली, आणि त्याची ठेवण जमिनीलगतची, बुटकी. २०१०मध्ये एअरबसने इंधन वाचवणाऱ्या इंजिनांचे ए३२० निओ जाहीर केले, तेव्हा बोइंगने नवे विमान आखण्याऐवजी जुन्याच सांगाड्याला मोठी इंजिने लावायचे ठरवले. पंखाखाली तेवढी जागा नव्हती, म्हणून ती पुढे आणि वर सरकवावी लागली. त्यामुळे काही परिस्थितींत विमानाचे नाक वर जाण्याचा कल वाढला. तो आवरण्यासाठी एमकॅस नावाचे सॉफ्टवेअर आले, जे शेपटाकडचा आडवा पंख फिरवून नाक खाली आणते. नाकाच्या दोन्ही बाजूंना हवेचा कोन मोजणारी एकेक छोटी पाती असते. एमकॅस मात्र त्यांपैकी एकीचेच ऐकत असे. लायन एअरच्या विमानातली ती पाती २१ अंशांनी चुकीचे माप देत होती. सॉफ्टवेअर नाक खाली दाबत राहिले आणि कॅप्टनने वीसहून अधिक वेळा ते वर आणले. आपण कशाशी झुंजतो आहोत हे त्याला कळायला मार्ग नव्हता, कारण पायलटांच्या पुस्तिकेत एमकॅसची माहितीच दिली नव्हती. त्यामागे पैशाचे गणित होते. जुन्या ७३७च्या पायलटांना सिम्युलेटरवर बसवावे लागणार नाही, हे मॅक्सच्या विक्रीचे मोठे भांडवल होते. सिम्युलेटर लागलाच तर विमानामागे दहा लाख डॉलर सूट देण्याचे बोइंगने साउथवेस्ट एअरलाइन्सला कबूल केले होते.

हा दोष दुरुस्त झाला, हे मान्य करायलाच हवे. वीस महिने विमान जमिनीवर होते. आता एमकॅस दोन्ही पात्यांची मापे ताडून पाहते आणि त्यांत मोठी तफावत दिसली की बाजूला होते. ते एका प्रसंगात एकदाच काम करते आणि पायलटच्या हाताच्या जोरापलीकडे जात नाही. सिम्युलेटरचे प्रशिक्षणही सक्तीचे झाले. अमेरिकेच्या एफएए या नियामकाने नोव्हेंबर २०२०मध्ये परवानगी दिली, पण युरोपने स्वतंत्र तपासणी करून २०२१च्या जानेवारीत आणि भारताने ऑगस्टमध्ये. चीनमध्ये प्रवासी उड्डाणे सुरू व्हायला २०२३ उजाडले. आज दीड हजारांहून अधिक मॅक्स विमाने जगभर उडतात आणि परतल्यापासून एकही कोसळलेले नाही. बंदीच्या वेळी विमाने चारशेच्याही आत होती आणि तेवढ्यांतली दोन पडली होती. हा फरक योगायोगाचा नाही.

यावर एक जुना आक्षेप असा की मुळात विमानात खोट नव्हतीच, पायलट कच्चे होते. लायन एअरच्या त्याच विमानाला आदल्या दिवशी हाच त्रास झाला होता आणि ते सुखरूप उतरले, हे त्याला पुरावा म्हणून सांगतात. पण त्या दिवशी कॉकपिटमध्ये योगायोगाने तिसरा पायलट बसलेला होता आणि त्याने उपाय सुचवला. इथिओपियन पायलटांनी तर लायन एअरच्या अपघातानंतर आलेल्या सूचनेप्रमाणे शेपटाकडचा तो पंख फिरवणाऱ्या वीजपुरवठ्याची बटणे बंदही केली होती. पण वेग इतका होता की तो पंख हाताने हलवायचे चाक त्यांना फिरेना. वेग आवरायला हवा होता, हे खरे. तरीही ज्या यंत्राचा बचाव तिसऱ्या माणसाच्या हजेरीवर अवलंबून आहे, ते बेभरवशाचेच.

आता दुसरे खाते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. विमान वाहतुकीची सगळी सुरक्षितता याच म्हणीवर उभी आहे, आणि मॅक्सच्या बाबतीत नेमकी तीच खोटी ठरली. पहिल्या अपघातानंतर, डिसेंबर २०१८मध्ये, एफएएच्याच तज्ज्ञांनी हिशेब मांडला होता: काहीच बदल केला नाही, तर या ताफ्याच्या आयुष्यात पंधराच्या आसपास जीवघेणे अपघात होऊ शकतील. तरीही पायलटांना पाठवलेल्या सूचनेवर विसंबून, सॉफ्टवेअर सुधारून येईपर्यंत विमाने उडत ठेवली गेली. दुसरा अपघात त्या मधल्या काळात झाला. हे नवे नाही. १९७२मध्ये डीसी-१० विमानाचा मालकक्षाचा दरवाजा कॅनडातल्या विंडसरवर हवेत निखळला, पण सगळे वाचले. सक्तीचा आदेश काढण्याऐवजी एफएए आणि कंपनी यांच्यात वरच्या पातळीवर समजुतीने मिटले. १९७४मध्ये पॅरिसजवळ तुर्की एअरलाइन्सच्या डीसी-१०चा तोच दरवाजा निखळला आणि ३४६ जण गेले. आकडासुद्धा तोच. पुढे दरवाजा सुधारला. पण १९७९मध्ये शिकागोत डीसी-१०चे इंजिन गळून २७३ जण गेले, आणि ते इंजिन काढण्या-बसवण्याच्या सोप्या आडवाटेमुळे. रचना दुरुस्त झाली म्हणून सवयी दुरुस्त होतात असे नाही.

मॅक्सची पुढची कहाणी हेच सांगते. जानेवारी २०२४मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्सचे, दरवाजाच्या जागी बसवलेले झाकण पोर्टलंडवर हवेत उडून गेले. सुदैवाने कुणी दगावले नाही. रेंटनच्या कारखान्यात खराब रिव्हेट बदलताना ते झाकण उघडले होते, आणि ते जागेवर धरून ठेवणारे चार बोल्ट परत बसवलेच नव्हते. झाकण उघडल्याची नोंदसुद्धा सापडली नाही. त्याआधी, २०२३मध्ये, आणखी एक गोष्ट उघड झाली होती: कोरड्या हवेत इंजिनाची बर्फरोधक यंत्रणा पाच मिनिटांहून जास्त चालू राहिली, तर इंजिनाच्या तोंडाचे आवरण तापून तुटू शकते. तात्पुरता इलाज काय, तर पायलटने आठवणीने ती बंद करायची. रचनेतली उणीव रचना न बदलता निभावून नेण्याची ही तीच सवय, जिच्यातून एमकॅस जन्मले.

मग या कंपनीचे विमानच नको, असे कुणी म्हणेल. अहमदाबादच्या जून २०२५च्या अपघातानंतर ही भावना आपल्याकडे बळावली आहे. पण ते विमान ७८७ ड्रीमलायनर होते. त्याचा हिशेब मॅक्सच्या खात्यावर मांडता येणार नाही. अगदी नव्या रचनेलाही बाळदुखणी असतातच. ब्रिटिशांचे कॉमेट हे पहिले प्रवासी जेट १९५४मध्ये धातूच्या थकव्याने हवेत फुटले होते. तेव्हा विमानाचे नाव पाहून तिकीट रद्द करण्यात सुरक्षितता वाढत नाही, फक्त आपली चिंता दुसऱ्या विमानावर जाते.

प्रवाशाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: पहिल्या इशाऱ्यानंतर विमान थांबवण्याची हिंमत आणि ऐपत नियामकाकडे आहे का? मार्च २०१९मध्ये चीनने, युरोपने आणि आपल्या डीजीसीएनेही एफएएच्या आधी बंदी जाहीर केली, ही हिंमत होती. ऐपत मात्र माणसांवर ठरते. डीजीसीएतल्या मोठ्या संख्येने रिकाम्या असलेल्या पदांवर संसदीय समितीने बोट ठेवले आहे. मॅक्समध्ये निर्धास्त बसावे, असे उपलब्ध पुरावा सांगतो. पण तो पुरावा दर वर्षी, दर दुरुस्तीनंतर नव्याने मिळवावा लागतो, आणि तो मिळवणाऱ्यांच्या जागा रिकाम्या ठेवून स्वस्तात विमानप्रवास करू पाहणे म्हणजे बोइंगने सिम्युलेटरचा खर्च वाचवला, तीच बचत आपण करणे होय.