धोकटी उचलणारा

पंढरपूरच्या वाटेवर एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडासमोर तीन खुर्च्यांचं एक सलून होतं. मालकाला सगळे अण्णा म्हणत. नजर अधू झाली तसा अण्णांनी वस्तरा खाली ठेवला आणि ते गल्ल्यावर बसू लागले. खुर्च्यांमागे तीन कारागीर उभे असत. थोरल्याचा हात असा चालायचा, की बाकीच्यांच्या दोन कटिंग होईतो त्याच्या तीन झालेल्या असायच्या. मधल्याचं काम निगुतीचं. धाकटा बोलका, त्यामुळे पोरंटोरं त्याच्याच खुर्चीकडे धावायची. वाटणीची रीत धंद्यात चालते तीच होती: ज्याच्या हातून काम झालं त्याला निम्मे, दुकानाला निम्मे.

दर रविवारी सकाळी एक निवृत्त गुरुजी दाढीला यायचे. त्यांना कंपवात होता. हात थरथरायचे, हनुवटीही थरथरायची. त्यांच्या दाढीला अर्धा तास लागे, आणि रविवारच्या अर्ध्या तासात दोन कटिंग सहज निघतात. शिवाय वस्तरा लागून रक्त आलं तर बोल कारागिरालाच. त्यामुळे गुरुजींनी उंबऱ्यावर पाऊल टाकलं की थोरला होऊन गेलेल्या मिशीला पुन्हा कात्री लावत बसायचा, मधल्याला चहाची आठवण व्हायची, धाकट्याला फोन यायचा. तिघांतला एकही माणूस वाईट नव्हता. तिघांनाही घरभाडं होतं.

एका रविवारी गुरुजी बराच वेळ बाकावर बसले. हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली, "आज गर्दी आहे, पुन्हा येईन," म्हणाले आणि निघून गेले. पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. मग आठवडी बाजारात ते अण्णांना दिसले. दाढीचे खुंट ठिकठिकाणी राहिलेले, गालावर चार जागी कापल्याच्या खुणा. घरीच, स्वतःच्या थरथरत्या हातानं दाढी करत होते.

अण्णांनी दुकानात येऊन तिघांना फैलावर घेतलं. गिऱ्हाईक म्हणजे देव, अशी पाटी रंगवून आरशावर लावली. गुरुजींना स्वतः जाऊन घेऊन आले. त्या दिवसापासून "या गुरुजी, बसा गुरुजी" सुरू झालं, पण हाताची घाई काही जाईना. घाईचा हात गालाला लागला की गुरुजी आणखी बावरायचे, आणि माणूस बावरला की कंप वाढतो.

मधल्याला ते बघवेना. एका रविवारी त्यानं गुरुजींना आपल्या खुर्चीत बसवलं आणि शांतपणे अर्धा तास दिला. दाढी अशी झाली, की गुरुजी आरशात दोनदा बघून हसले. पण तेवढ्या वेळात मधल्याची नेहमीची गिऱ्हाइकं शेजारच्या खुर्च्यांवर गेली होती. रात्री हिशेबाला त्याच्या हातात कमी पैसे पडले. हे तीन रविवार चाललं. चौथ्या रविवारी गुरुजी आले, तेव्हा मधलाही मोबाइल कानाला लावून बाहेर निघाला.

अण्णा गल्ल्यावरून बघत होते. या वेळी ते रागावले नाहीत. त्या रात्री त्यांनी आरशावरची पाटी तेवढी उतरवून ठेवली.

पुढे श्रावण वद्य द्वादशी आली, संत सेना महाराजांची पुण्यतिथी. दुकान बंद होतं. तसबिरीला हार घातला, प्रसाद झाला. अण्णांनी सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा सांगितली. सेना महाराज पूजेत दंग होते. तेवढ्यात हजामतीसाठी राजाचं बोलावणं आलं, एकदा नाही, अनेकदा. वेळेवर गेलं नाही तर राजा कोपणार. तेव्हा विठ्ठलानंच सेनाचं रूप घेतलं, वस्तरा-कात्रीची धोकटी काखेला मारली आणि जाऊन राजाची हजामत केली.

"या गोष्टीतून काय घ्यायचं?" अण्णांनी विचारलं.

"भक्ती," धाकटा म्हणाला.

"खरं आहे. पण मी या धंद्यातला माणूस, मला त्यात आणखी एक दिसतं. विठ्ठलानं सेनाला पूजेतून उठवलं नाही आणि राजालाही ताटकळत ठेवलं नाही. त्यानं सोबत्याची धोकटी उचलली. आपल्या दुकानात तसं कोणी नाही. मधल्यानं गुरुजींना अर्धा तास दिला, तेव्हा त्याची धोकटी कुणी उचलली? तुम्ही त्याची गिऱ्हाइकं घेतलीत आणि त्यांचे पैसेही घेतलेत. चूक तुमची नाही, वाटणीची आहे. वाटणी मी ठरवली होती. उद्यापासून गल्ला एक. रात्री निम्मे दुकानाचे, उरलेल्या निम्म्यात तुम्हा तिघांचे सारखे वाटे."

थोरला उसळला. "म्हणजे मी दहा जणांच्या कटिंग मारायच्या, ह्यानं एका म्हाताऱ्याला कुरवाळत बसायचं, आणि पैसे सारखे?"

"महिनाभर कर. नाही पटलं तर जुनी वाटणी पुन्हा सुरू."

रविवार उजाडला. गुरुजी आले तसा मधल्यानं त्यांना कोपऱ्यातल्या खुर्चीत नेलं, मान मागे टेकवून आधार दिला, गालावर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल ठेवला आणि कंप ओसरायची वाट पाहिली. वस्तऱ्याऐवजी ट्रिमर घेतला. गर्दी थोरल्यानं आपल्याकडे ओढून घेतली. धाकटा दारातल्या माणसाला नंबर सांगत होता आणि दर गिऱ्हाइकापुढे नवं ब्लेड मोडून अर्धं पातं वस्तऱ्यात घालत होता. मशीनच्या आवाजाला घाबरून किंचाळणारं एक पोर आईबरोबर आलं. धाकट्यानं बंद मशीन त्याच्या हातात खेळायला दिलं आणि नुसत्या कात्रीनं केस कापले. तोवर बाकीच्या दोघांनीही आपापली मशीनं बंद ठेवली.

हळूहळू गल्ल्याशेजारी एक वही आली. कुणाला मधुमेह आहे, म्हणजे जखम होता कामा नये. कुणाला डाव्या कानानं ऐकू येत नाही. कुणाला केस काळे करायच्या रंगानं खाज उठते. नव्या माणसाला रंग लावायचा तर ४८ तास आधी कानामागे थेंबभर लावून बघायचं, हेही त्यात लिहिलं गेलं. आता गिऱ्हाईक कुठल्याही खुर्चीत बसलं, तरी तिन्ही खुर्च्या त्याला ओळखत होत्या.

महिना संपत आला असताना, एका शनिवारी संध्याकाळी ऐन गर्दीत एक कॉलेजातला मुलगा टोपी घालून आला. थोरल्याची खुर्ची रिकामी झाली होती. मुलानं टोपी काढली. केमोथेरपी सुरू होऊन तीन आठवडे झाले होते, केसांचे पुंजके हातात येत होते. "सगळेच काढा," तो हळूच म्हणाला.

थोरल्याचा हात वस्तऱ्याकडे गेला आणि थांबला. या उपचारांत बारीकशी जखमही महागात पडते. त्यानं मशीन डेटॉलनं पुसून घेतलं. मुलाला आरशात बघवेना, म्हणून खुर्ची फिरवली. मग तो मुलाशी क्रिकेटवर बोलत राहिला आणि जन्मात कधी केलं नव्हतं इतक्या सावकाश काम करत राहिला. कुणी न सांगता मधल्यानं त्याची दोन गिऱ्हाइकं आपल्याकडे बोलावली. धाकट्यानं शटर अर्धं ओढलं आणि बाहेरच्यांना चहा पाजला. तास गेला. मुलानं डोक्यावरून हात फिरवला आणि टोपी खिशात घालून बाहेर पडला.

रात्री अण्णांनी हिशेब केला. तिघांचे वाटे रोजच्यासारखेच सारखे. थोरल्यानं नोटा मोजल्या, मधल्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "उद्या रविवार. गुरुजींना माझ्याकडं द्या, अण्णा."

महिना झाला, दुसराही झाला. जुन्या वाटणीचं नाव कुणी काढलं नाही.

तात्पर्य : गिऱ्हाइकाची काळजी घ्यायला वेळ लागतो. तो वेळ एकट्यानं पदरमोड करून दिला, तर माया चार दिवसांत थकते. सोबत्यांनी मिळून दिला, तर तीच दुकानाची रीत होते.