शब्दांचे दागिने आणि सम्यक वाचा

सातवीच्या वर्गात मी अलंकार शिकवीत होतो. एका मुलीने विचारले, "गुरुजी, तोंड काही चंद्र नसते. मग अलंकार म्हणजे खोटे बोलणेच नाही का?" तो प्रश्न मी आज तुमच्यापुढे ठेवतो; कारण गोड आणि खोट्या शब्दांचे चटके आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहेत.

३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायका'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात हा एकेक मजला. पण मजल्यांना जोडणारी शिडी नाही. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. समाज काही दगडविटांचा नसतो. म्हणून ही उपमा खोटी ठरते काय? उलट, ज्याला अक्षरओळख नाही त्याच्याही डोळ्यांपुढे तिने त्याची कोंडी उभी केली.

आता 'हरिजन' हा शब्द घ्या. अर्थ, देवाची माणसे. किती गोड! पण ज्या विहिरी बंद होत्या, त्या या शब्दाने खुल्या झाल्या नाहीत. १९३८ साली मुंबई विधिमंडळात हे नाव कायद्यात घालण्यास बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने विरोध केला व त्याच्या सभासदांनी सभात्याग केला.

दोन्ही ठिकाणी अलंकारच आहे. एकाने दिवा धरला, दुसऱ्याने पडदा ओढला. दोष दागिन्याचा नसतो; तो कशासाठी घातला, हे पाहावे लागते.

भगवान बुद्धांनीही विषारी बाण, नदीवरचा तराफा, वीणेच्या तारा अशा उपमांनी धम्म सांगितला. चांगल्या वाणीची त्यांनी पाच लक्षणे सांगितली : ती योग्य वेळी, सत्य, मृदू, हितकारक आणि मैत्रीभावाने बोललेली असावी. टाळ्या मिळविणारी असावी, असे त्यांत कोठेही नाही.

ही कसोटी आपण दुसऱ्यांना लावतो, स्वतःलाही लावावी. गेल्या जयंतीला मी तासभर भाषण केले. टाळ्या पुष्कळ पडल्या. घरी आल्यावर आईला विचारले, "कसं झालं?" ती म्हणाली, "लई ग्वाड बोललास, पर काय बोललास ते काय ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

त्या रात्री मला झोप आली नाही. बंधु-भगिनींनो, पुढच्या सभेहून घरी गेल्यावर तुम्हीही आपल्या आईला एवढेच विचारा : काय ध्यानात राहिले?

जयभीम!