एका पैची चूक



वाचकहो, देवगिरीच्या किल्ल्यावरची ती रात्र तुम्हां-आम्हां सर्वांच्या परिचयाची आहे. जनार्दनस्वामींनी नाथबाबांकडे हिशेबाचे काम सोपवले होते. एके दिवशी जमाखर्चात एका पैचा मेळ बसेना. नाथ दिव्यापाशी वही घेऊन बसले, तेल सरत आले तरी उठले नाहीत, आणि उत्तररात्री चूक सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी मागे उभे राहून पाहत होते. एका पैची चूक सापडली म्हणून एवढा हर्ष, तर या संसाराच्या हिशेबातली मोठी चूक सापडली तर किती होईल, असे त्यांनी विचारले आणि नाथांच्या साधनेला तिथून वळण मिळाले.

पैठण आमच्यापासून पन्नास-बावन्न किलोमीटर आणि देवगिरी तर हाकेच्या अंतरावर. त्यामुळे या भागातल्या सप्ताहांत हे आख्यान मी किती वेळा लावले असेल याची गणती नाही. पन्नास वर्षे टाळी वाजवून दाखवली. लोकही वाजवत. पण एक शंका मला पंचाहत्तरी आली तरी सुचली नव्हती, ती आता घसा बसून कीर्तन सुटल्यावर सुचली. नाथांची चूक सापडली, कारण वहीतला आकडा पेटीतल्या रोकडीशी ताडून पाहता येत होता. रोकड कमी भरली की वही खोटी. मनाच्या हिशेबात अशी रोकड कोणती? मीच लिहिणारा, मीच तपासणारा. मग एका पैची काय, हजाराची चूक तरी मला कशी दिसावी?

ही शंका आली एका परदेशी माणसामुळे. माझी नात महाविद्यालयात शिकते. तिच्या अभ्यासाला बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन गृहस्थाच्या आत्मचरित्राचा काही भाग होता. मला इंग्रजी वाचता येत नाही. ती वाचायची आणि मराठीत सांगायची, मी ऐकायचो. हा फ्रँकलिन १७०६ साली बोस्टन गावी जन्मला. बाप मेणबत्त्या व साबण करणारा, शाळा अवघी दोन वर्षे. पुढे फिलाडेल्फियात त्याने छापखाना काढला, वाचनालय उभारले, विजेवर प्रयोग केले, आणि १७७६ साली अमेरिकेने स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला तेव्हा त्या मसुद्याच्या समितीतही तो होता. बुद्धीच्या प्रकाशात माणूस स्वतःला आणि समाजाला सुधारू शकतो, अशी त्या काळच्या त्या मंडळींची धारणा होती.

तरुणपणी या माणसाने ठरवले की आपण निर्दोष व्हायचे. त्यासाठी तेरा गुण निवडले: मिताहार, मौन, टापटीप, निश्चय, काटकसर, उद्योग, निष्कपटपणा, न्याय, मध्यम वृत्ती, स्वच्छता, शांती, शील आणि नम्रता. एक छोटी वही केली, तिच्यात तांबड्या शाईने सात वारांचे सात रकाने आखले, आडवे तेरा गुण लिहिले. रात्री बसून दिवसभरात ज्या गुणाविरुद्ध वर्तन झाले त्यापुढे काळा ठिपका द्यायचा. एका आठवड्यात एकाच गुणावर विशेष लक्ष. तेरा आठवड्यांत एक आवर्तन, वर्षात चार. वहीत त्याने देवाकडे साहाय्य मागणारी प्रार्थनाही लिहून ठेवली होती, हे नातीने सांगितले तेव्हा मला बरे वाटले. पुढे ठिपके खरवडून खरवडून कागदाला भोके पडू लागली, तेव्हा त्याने ते तक्ते हस्तिदंती पानांवर उतरवले. त्यावर शिसपेन्सिलीने खूण करायची आणि ओल्या स्पंजाने पुसायची.

वाचकहो, आपल्यातले काही जण लगेच म्हणतील, हे काय, दुकानदाराचे अध्यात्म! नामाविण कसली शुद्धी? मीही आधी तसेच म्हणालो. पण मग विचार केला, आपण तरी काय करतो? जपाची माळ मोजतो, वाऱ्या मोजतो, ज्ञानेश्वरीची पारायणे मोजतो. त्या बिचाऱ्याने दोष मोजले, आपण पुण्य मोजतो. दोघांत लबाडीला जागा कुठे जास्त, हे तुम्हीच ठरवा.

शिवाय तो स्वतःला फसवत नव्हता. त्याने एक गोष्ट सांगितली आहे. एका माणसाला आपल्या कुऱ्हाडीचे सबंध पाते धारेसारखे लखलखीत करून हवे होते. लोहार म्हणाला, मी घासतो, तुम्ही चाक फिरवा. फिरवता फिरवता तो दमला आणि म्हणाला, आहे तशी द्या. लोहार म्हणाला, अजून ठिपके आहेत, फिरवा थोडे. तेव्हा हा म्हणतो, मला वाटते, ठिपक्यांचीच कुऱ्हाड मला जास्त आवडते. आपलेही असेच झाले, ही कबुली त्याने दिली आहे. टापटीप हा गुण त्याला शेवटपर्यंत साधला नाही. आणि नम्रता? ती मूळ यादीत नव्हतीच. तू गर्विष्ठ आहेस असे एका मित्राने तोंडावर सांगितले, म्हणून ती तेरावी घातली. तिच्याविषयी तो लिहितो की गर्व पुरता जिंकला असता, तर आपल्याला त्या नम्रतेचाच गर्व झाला असता. हे वाक्य नातीने मला दोनदा सांगितले. व्यासपीठावर बसून पायाला हात लावून घेणाऱ्या माणसाला ते दोनदा ऐकायलाच हवे होते.

मग मीही वही केली. हसू नका. मुलांची आखीव वही आणवली. तेरा गुण मला पेलणारे नव्हते, म्हणून षड्रिपू घेतले आणि त्यांना निंदा व आळस जोडले. या वयात 'काम' हा रकाना ठेवावा की नाही, यावर थोडा घोळ घातला, ठेवला. रोज रात्री हरिपाठ झाला की वही उघडायची. पहिले दोन आठवडे बरेच ठिपके पडले, निंदेपुढे सर्वांत जास्त. हळूहळू ते विरळ झाले. क्रोधाचा रकाना तर सलग पाच आठवडे कोरा. मी ती वही कौतुकाने आमच्या मंडळींना दाखवली. त्यांनी चष्मा लावला, पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, मंगळवारी सूनबाईवर आवाज चढवलात तो कुठे आहे?"

मी म्हणालो, "ते रागावणं नव्हतं, समजावणं होतं."

"हं. मग वही बरोबर आहे," म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या रात्री मला रोकडीची गोष्ट कळली. माझ्या रागाची रोकड माझ्या पेटीत नव्हतीच, ती सूनबाईच्या पेटीत होती. राग मी केला, पण तो जमा झाला तिच्याकडे. तिला न विचारता मी कितीही ठिपके मांडले तरी मेळ कसा बसावा?

मग फ्रँकलिनचीही पुढची हकीकत विचारली. नात आधी सांगत नव्हती. म्हणाली, आबा, तुम्हाला तो आवडला आहे. या माणसाच्या घरात कित्येक वर्षे गुलाम माणसे होती. त्याच्या वर्तमानपत्रात माणसांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. तेरा गुणांत न्याय होता, पण घरातल्या गुलामापुढे ठिपका द्यावा असे तेव्हा त्याला वाटले नसावे. सर्व माणसे समान जन्मली असे सांगणारा तो १७७६चा जाहीरनामा लिहिला जेफर्सनने, आणि त्याच्याकडेही गुलामच होते. फ्रँकलिनचे एवढे की म्हातारपणी त्याला ती चूक दिसली. १७८७ साली तो पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि फेब्रुवारी १७९० मध्ये त्याने आपल्या सहीने काँग्रेसकडे अर्ज पाठवला. काँग्रेसने काही केले नाही. दोनच महिन्यांनी, १७ एप्रिलला, तो वारला. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस शेवटचे काम म्हणून जुनी बाकी काढायला बसतो, हे मला त्या सगळ्या तक्त्यांपेक्षा मोठे वाटते.

याचा एक धागा आपल्याकडे आला आहे. १७७४ साली फ्रँकलिनने टॉमस पेन नावाच्या एका इंग्रज गृहस्थाला शिफारसपत्र देऊन अमेरिकेला धाडले. त्या पेनने पुढे मानवाच्या हक्कांवर जे पुस्तक लिहिले, ते १८४७ च्या सुमारास पुण्यात जोतीराव फुल्यांच्या वाचनात आले. दुसऱ्या वर्षी त्यांनी मुलींची शाळा काढली. आणि १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना, ज्यांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी झीज सोसली होती. जोतीरावांना ठाऊक होते की दोष त्या देशातही आहे. त्यांनी मान दिला तो दोष धुऊन काढणाऱ्यांना.

आता माझ्या वारकरी बंधूंना राग येईल असे एक लिहितो, पण लिहिले पाहिजे. आमच्या संप्रदायाच्या खतावणीत हा रकाना होता का? आपण एकमेकांच्या पाया पडतो, वाळवंटात काला वाटतो. नाथबाबांनी तापलेल्या वाळवंटातले अंत्यजाचे पोर कडेवर घेतले, श्राद्धाचे अन्न महारांच्या पंक्तीला वाढले. हे सगळे खरे. पण चोखोबा महाद्वाराबाहेरच राहिले; मंगळवेढ्याला कूस कोसळून गेले, तेव्हा नामदेवरायांनी अस्थी आणून समाधी बांधली तीही महाद्वारासमोर. आम्ही शेकडो वर्षे त्या समाधीला नमस्कार करून आत जात होतो आणि चोखोबांच्या जातभाईंना आत येता येत नव्हते. १ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, तेव्हा कुठे दार उघडण्याची वेळ आली. आपल्या वहीत ठिपका नव्हता. रोकड बाहेर पायरीशी उभी होती, तिला कोणी विचारले नव्हते. डॉ. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीला वाहिला, त्यांत एक चोखोबा आहेत. दोनच वर्षांनी त्यांनी आमच्या या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले. तरुणपणी त्या रस्त्याने मी सायकलवर जायचो. आत जाऊन कोणाला विचारावे, असे कधी वाटले नाही.

एका वहीविषयी सांगायचे राहिले. तुकोबारायांच्या घरी सावकारी होती. त्यांनी आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली आणि कान्होबांचा वाटा त्यांचा त्यांना दिला. हे सांगताना मी नेहमी म्हणायचो, हिशेब सोडा, नाम धरा. ऐकायला गोड लागते. पण नीट पाहा, महाराजांनी काय बुडवले? लोकांकडून जे येणे होते ते. आपल्याकडचे देणे त्यांनी बुडवलेले नाही. कान्होबांचा वाटा तर पैपैने मोजून दिला. देणेकऱ्याने उठून आपलीच खतपत्रे नदीत टाकली, तर त्याला वैराग्य म्हणत नाहीत, दुसरे नाव आहे.

हे मला कळले तेव्हा एक देणे आठवले.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी गंगापूर तालुक्यातल्या एका गावी सप्ताहात माझे कीर्तन होते. साथीला जे मृदंगवादक होते त्यांचा हात फार गोड. त्या रात्री चाल ऐन रंगात आली असता माझी सम आणि त्यांची थाप वेगवेगळी पडली. मी हात वर करून टाळ थांबवले आणि सगळ्या गावासमोर म्हणालो, "हात चालत नसेल तर मृदंग खाली ठेवा." त्यांनी ठेवला. धुमेची कणीक काढली, गवसणी घातली आणि मंडपाबाहेर गेले. कीर्तन मी नुसत्या टाळांवर पुरे केले. लोक म्हणाले, बुवांनी राखले. त्यानंतर ते माझ्या साथीला कधी आले नाहीत, पुढे कोणाच्याच साथीला आले नाहीत असे ऐकले. एकादशीला पांडुरंगापुढे मी कितीदा म्हटले असेल, देवा, त्या दिवशी राग आवरला नाही, क्षमा कर. देवाने केलीही असेल. पण ज्याचे देणे त्याला सोडून मी भलत्याच पेढीवर भरणा करत होतो.

गेल्या पौषात मुलाला गाडी काढायला लावली आणि त्यांच्या गावी गेलो. ते आता माझ्याहून थकले आहेत. ओट्यावर बसवले, चहा दिला. मी सांगितले, त्या रात्री तुमची एक मात्रा चुकली होती एवढेच, पण मी बोललो ते फार बोललो, माफ करा.

ते बराच वेळ कपाशीच्या ढिगाकडे पाहत होते. मग म्हणाले, "महाराज, आलात हे बरं केलं. पण मी चुकलो नव्हतो. चाल तुम्ही बदललीत अन् सम आधी घेतलीत."

मी घरी आलो. त्या रात्रीच्या टाळकऱ्यांपैकी एकच हयात आहेत. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "सगळ्यांनाच ठाऊक होतं, महाराज. तुम्हाला कोण सांगणार?"

चाळीस वर्षे मी त्या एका ओळीवर राग एवढाच दोष मांडून क्षमा मागत होतो, आणि ओळच खोटी होती.

त्यांचा नातू आता मृदंग शिकतो. येत्या एकादशीला त्याला घेऊन माझ्याकडे येतो, असा त्यांचा निरोप आहे. बसल्या घसबसल्या आवाजात मी चाल म्हणायची, पोराने ठेका धरायचा, आणि कोण चुकले ते बघून हात वर करायचे काम त्यांचे.