न चाखता

गौरींचा स्वयंपाक चाखायचा नाही, ही आमच्या घरची रीत. कटाच्या आमटीत मीठ पडलं की नाही हे वासावरून ओळखायचं. पुरणात पळी उभी राहिली की ते झालं. 1984 साली मी लग्न होऊन पुण्यात आले, आणि पहिल्याच भाद्रपदात सासूबाईंनी सांगितलं, "अगं, देवाच्या आधी आपली जीभ नको." इतकी वर्षं मी हे पाळत आले आणि त्याबद्दल कधी प्रश्न पडला नाही.

यंदा पडला, तो एका छोट्या डबीमुळे. भाची क्योटोहून श्रावणात आली. तिने तीस ग्रॅम माचा आणला होता, जपानी हिरव्या चहाची पूड. म्हणाली, "मावशी, गौरींच्या फराळात यंदा माचाच्या कुकीज ठेवूया?" शेजारच्या वहिनींनी लगेच विचारलं, चहा कसा चालेल देवाला? मला त्यात अडचण वाटली नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात देवाला काय काय चालतं ते सांगताना सगळ्यात आधी पानच येतं, आणि माचा म्हणजे तरी काय, पानच. अडचण निघाली ती कणीक मळताना. दीडशे ग्रॅम मैदा, शंभर ग्रॅम साजूक तूप, पाऊण वाटी पिठीसाखर, तीन छोटे चमचे माचा. गोळा झाला आणि हात थांबला. ही पूड किती कडू, साखर पुरेल का, मला काहीच ठाऊक नव्हतं. भाची म्हणाली, "चिमूटभर खाऊन बघ ना." आणि मला तो घास तोंडात घालवेना.

मग आम्ही ठरवलं की हा घाणा देवाचा नाही, सरावाचा. तेव्हा कुठे मी ते पीठ जिभेवर ठेवलं. आधी गवताचा, ओल्या पालवीचा वास, मग गोडवा, आणि सगळं विरघळल्यावर घशाशी उरणारा कडवटपणा. नानकटाईच्या सवयीने ओव्हन 180 अंशांवर ठेवला होता. कुकीज बाहेर आल्या त्या वाळलेल्या मेंदीच्या रंगाच्या, आणि तो ओल्या पालवीचा वास पार गेलेला. भाचीने कारण सांगितलं. माचासाठीची झुडपं खुडणीच्या आधी साधारण तीन आठवडे सावलीत झाकून ठेवतात. ऊन मिळेना म्हणून पान जास्तीचं हरितद्रव्य धरून ठेवतं, त्यातून तो गर्द हिरवा रंग येतो. मग पानं वाफवायची, वाळवायची, शिरा आणि देठ काढून टाकायचे आणि दगडी जात्यावर दळायची. एका जात्यातून तासाला जेमतेम चाळीस ग्रॅम पूड पडते. म्हणजे तिने आणलेली डबी ही एका जात्याची पाऊण तासाची मेहनत. एवढ्या जपणुकीचा रंग मी पंधरा मिनिटांत जाळला होता. दुसऱ्या घाण्याला 150 अंश ठेवले, गोळ्याची वळकटी तासभर फ्रीजमध्ये घट्ट करून बोटाच्या अर्ध्या जाडीच्या चकत्या कापल्या आणि कडा तांबूस व्हायच्या आत बाहेर काढल्या. तिसऱ्या घाण्याला साखर चमचाभर वाढवली. आता हिरव्या, खुसखुशीत, आणि कडू तेवढ्याच जेवढ्या असाव्यात.

पण चाखायचं का नाही, हा प्रश्न त्या तीन घाण्यांमध्ये माझ्या मागेच लागला. शबरीने बोरं चाखून दिली ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. वाल्मीकींच्या रामायणात ती रामासाठी रानातली फळंमुळं गोळा करून ठेवते, चाखल्याचा उल्लेख तिथे नाही. तो प्रसंग नंतरच्या भक्तांनी घातला, आणि माझ्या मते फार प्रेमाने घातला. एकीकडे सासूबाईंचा नियम आणि दुसरीकडे शबरी. दोन्ही आपलेच, दोन्ही खरे. मग उष्टं म्हणजे नेमकं काय? अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात उच्छिष्टावर एक अख्खं सूक्त आहे. यज्ञात जे उरलं त्याच्यावर हे सगळं जग टेकलेलं आहे, अशी त्याची कल्पना. आणि प्रसाद तरी काय? देवाने घेऊन उरलेलं, म्हणजे देवाचं उष्टंच. आषाढीनंतर पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो, तिथे वारकरी एकमेकांच्या तोंडात घास घालतात आणि मगच घरची वाट धरतात.

याच शब्दाची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. वाड्यांच्या मागच्या दाराशी पिढ्यान्‌पिढ्या जे वाढलं गेलं तेही उष्टंच होतं. मार्च 1927 मध्ये महाडला जमलेल्या लोकांना बाबासाहेबांनी शिळंउष्टं घेणं सोडा असं सांगितलं, आणि त्याच परिषदेत लोक चवदार तळ्यावर पाणी प्यायला गेले. उष्टं कुणाचं, आणि कुणाला, यावर माणसाची किंमत ठरत होती. म्हणून "देवाच्या आधी आपली जीभ नको" हे वाक्य केवळ सोवळ्याचं असेल, तर ते मला आज नको आहे. त्यात आणखी काही आहे का, ते मला शोधायचं होतं.

ते सापडलं भाचीच्या बोलण्यात. ती क्योटोला दोन वर्षं चहाविधी शिकते आहे. पाहुण्यांसमोर बसून चहा घुसळणारा यजमान सहसा स्वतः तो पीत नाही. घट्ट चहाचा वाडगा मात्र एकच असतो. पाहुणे त्यातून काही घोट घेतात, कड पुसतात आणि पुढच्याला देतात. म्हणजे करणाऱ्याने चाखायचं नाही आणि घेणाऱ्यांनी एकमेकांचं उष्टं प्यायचं. मी विचारलं, मग चहा जमला की नाही हे यजमानाला कळतं कसं? ती म्हणाली, "मावशी, त्याने आधी हजार वाडगे प्यालेले असतात. त्या दिवशी त्याचं सगळं लक्ष हातात असतं."

तेव्हा मला सासूबाईंची पुरणाची पळी आठवली. ती उभी राहते ते मला ठाऊक होतं, कारण त्यांनी मला दाखवलं, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. कुठल्यातरी जुन्या स्वयंपाकघरात कुणीतरी ते पुरण खारट करून, पातळ करून, चाखून शिकलं होतं. आपल्या प्रत्येक नैवेद्याच्या पदार्थामागे अशी एक शबरी आहे. तिने चाखलं म्हणून मला चाखावं लागत नाही. माचाच्या कुकीला आमच्या घरात अशी कुणी नव्हती. ती जागा मला घ्यावी लागली, आणि ती घेण्यात काही गैर नाही असं मी आता ठामपणे म्हणते. नवा पदार्थ देवापुढे ठेवायचा असेल तर आधी चाखा, चुका, पुन्हा करा. मग नैवेद्याच्या दिवशी जीभ बाजूला ठेवा. त्या दिवशी चाखलं नाही की लक्ष आपोआप हाताकडे, नाकाकडे, ओव्हनच्या काचेकडे जातं. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय सुरू होतो तोच श्रोत्यांकडे अवधान मागून. पान मागणारा श्लोकही त्याच अध्यायातला. दोन्ही एका अध्यायात आहेत हे मला तीन घाणे जाळून-भाजून उमगलं.

गौरीजेवणाच्या दिवशी सकाळी मी चोवीस कुकीज भाजल्या, एकही न चाखता. करंज्यांशेजारी ताटलीत मांडल्या. दुपारी आरती झाल्यावर पानं वाढली, तेव्हा भांड्यांना येणाऱ्या ताई आमच्याच पंगतीला होत्या. भाचीच्या शेजारचं पान त्यांचं. प्रसादाची ताटली त्यांच्यापासून सुरू केली. त्यांनी अर्धी कुकी खाल्ली, थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "कडू लागतं शेवटी, पण चांगलं आहे." मग मी माझी खाल्ली. साखर बरोबर पडली होती.