हृदयस्थ कोण?

लासूर स्टेशनच्या दाक्षायणी देवीपुढे हात जोडणारा भाविक ज्या हृदयात ईश्वराचे अधिष्ठान मानतो, तसलेच एक मानवी हृदय १९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी एका देहातून काढून दुसऱ्यात बसविले, तेव्हा त्यासोबत आत्माही स्थलांतरित झाला काय, हा प्रश्न पोरकट खचित नव्हे. ते हृदय लाभलेला रुग्ण काही तासांतच दगावला. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्याने मस्तिष्कमृत्यूस मान्यता दिली आणि त्याच वर्षी दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांनी केलेले हृदय प्रत्यारोपण यशस्वी झाले. परक्या हृदयावर जगणारी माणसे आपली नाती, देणी आणि देव विसरत नाहीत, यावरून आत्म्याचे निवासस्थान मानलेली उपनिषदांतील हृदयगुहा मांसपिंडात शोधणे व्यर्थ होय, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून धर्मभयास्तव अवयवदानाच्या संमतिपत्रावर दस्तखत नाकारू नका.