मागणं आणि सोपवणं

वाशिमहून पुसदकडे निघालं की वाटेत अनसिंग लागतं. आठवडी बाजाराचं, वर्दळीचं गाव. भोवती सोयाबीन, तूर, थोडी पऱ्हाटी. या मुलखात ख्रिस्ती घरं फार थोडी. वाशिमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल नाझरीन मिशनचं, त्यामुळे ही माणसं प्रार्थना करतात एवढं गावोगावी ठाऊक असतं. पण त्या प्रार्थनेची वेळ कुठली? जून लागला की पेरणी, मग डवरणी, निंदण, फवारणी आणि दसऱ्याच्या आगेमागे सोंगणी. पहाटे भाकरी थापून निंदायला गेलेली बाई दिवस मावळता घरी येते आणि पुन्हा चुलीपुढे बसते. ख्रिस्ती माणसानं खंड न पडू देता प्रार्थना करावी, असं तिला सांगितलं तर ती एकच शब्द विचारील : कधी?

हा प्रश्न अश्रद्धेचा नाही. ख्रिस्ती धर्माच्या जवळजवळ दोन हजार वर्षांत थोरामोठ्यांना याच प्रश्नानं जागं ठेवलं, आणि त्याचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या बदलत आलं.

अखंड प्रार्थनेची आज्ञा आहे ती पौलानं थेस्सलनीकाच्या मंडळीला इ.स. 50 च्या सुमारास लिहिलेल्या पहिल्या पत्रात. नव्या करारातलं हे अगदी सुरुवातीचं लिखाण. त्याच पत्रात पौल आणखी एक आठवण करून देतो : तुमच्यावर माझा भार पडू नये म्हणून मी तुमच्यात रात्रंदिवस राबत होतो. पौलाचा धंदा तंबू बनवण्याचा, आणि हाताला घट्टे असलेला हा माणूस, ज्यांच्याही हाताला घट्टे आहेत अशांना, सतत प्रार्थना करा म्हणून सांगतो. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात लिहिताना त्याला काही विसंगत वाटलं नाही. नंतरच्यांना मात्र वाटलं, आणि त्यांनी राबणं एका माणसाकडे दिलं, प्रार्थना दुसऱ्याकडे.

पाचव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये अलेक्झांडर नावाच्या मठाधिपतीनं भिक्षूंच्या पाळ्या लावल्या. एक तुकडी थकली की दुसरी उभी राही आणि स्तोत्रगायन दिवसरात्र चाले. लोक त्यांना न झोपणारे म्हणत. पुढे 1727 साली जर्मनीतल्या हेर्नहुट गावात मोरेव्हियन मंडळीनं तासातासाच्या पाळ्या वाटून घेतल्या, आणि ती प्रार्थना शंभराहून अधिक वर्षं चालली. या निष्ठेपुढे माझं मस्तक नमतं. तरी खरं हेच की अखंड होती ती मंडळीची प्रार्थना. एकेका माणसाच्या वाट्याला तासच आला. उरलेल्या तेवीस तासांचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांनी दुसरी वाट काढली. स्तोत्रातली एखादी लहानशी ओळ घ्यायची आणि टोपली विणताना, चालताना, झोप येईपर्यंत तीच घोळवायची. जॉन कॅसियननं हे सविस्तर लिहून ठेवलं आहे. पूर्वेकडच्या मंडळ्यांत त्याचंच पुढे येशूच्या नावाचं स्मरण झालं. जिथे जात्यावर, मोटेवर, वारीत नाम चालतं त्या महाराष्ट्राला हे वेगळं समजावून सांगायला नको. टोपली विणणारा तो तपस्वी आणि दळणारी जनाबाई यांना एकमेकांची ओळख पटली असती, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या मते मोठं वळण दिलं ते ऑगस्टीननं. 410 साली रोम लुटलं गेलं तेव्हा प्रोबा नावाची एक श्रीमंत विधवा आफ्रिकेत आश्रयाला आली होती. प्रार्थना कशी करावी, असं तिनं विचारलं. ऑगस्टीनच्या लांबलचक उत्तराचा गाभा असा, की देवाविषयीची ओढ हीच प्रार्थना. ओढ थांबली नाही तर प्रार्थनाही थांबली नाही. ठरलेल्या वेळी शब्द उच्चारायचे ते देवाला कळावं म्हणून नव्हे, ती ओढ कोमट होऊ नये म्हणून. प्रार्थना तोंडातून काळजात उतरली ती इथे. हे पत्र एका स्त्रीला, ती घरदार सोडून परागंदा झालेली असताना लिहिलं गेलं, ही गोष्टही मला महत्त्वाची वाटते.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात लॉरेन्स नावाचा एक साधा बंधू होता. पूर्वी सैनिक, पायानं अधू. त्याचं आयुष्य मठाच्या स्वयंपाकघरात आणि पुढे चपला दुरुस्त करण्यात गेलं. भांड्यांच्या खणखणाटातही देव तितकाच जवळ असतो, असं तो सांगे. त्याच्यावर माझं प्रेम आहे. मात्र लॉरेन्सला मुलीचं लग्न करायचं नव्हतं, सोसायटीचं कर्ज फेडायचं नव्हतं. मठाची भाकर ठरलेली होती. ज्याची भाकरच ठरलेली नाही, त्यानं देवाचं भान कसं टिकवायचं?

कारण अशा माणसाच्या मनात एक जप आधीच चालू असतो. पाऊस येईल का, बियाणं उगवेल का, दुबार पेरणी करावी लागली तर पैसा कुठून आणायचा. काळजीला पाळ्या लावाव्या लागत नाहीत. ती झोपेतही चालते. म्हणून अखंड प्रार्थना ही दिवसाच्या कामांत आणखी एक काम घालण्याची गोष्ट नाही. मनात अखंड चालणाऱ्या काळजीची दिशा बदलण्याची ती गोष्ट आहे. आणि काळजी दिशा बदलते ती कुणाच्या तरी हाती सोपवल्यावरच. समर्पणाचा संबंध इथे येतो. हे मला ग्रंथांपेक्षा अधिक स्पष्ट दिसलं ते आपल्याच भाषेतल्या एका बाईच्या आयुष्यात.

पंडिता रमाबाईंनी 1870 च्या दशकातल्या मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली. पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरणारं ते कुटुंब. असेल नसेल ते दानात आणि व्रतात संपलं, आणि अन्नावाचून माणसं गेली. मग भाऊ गेला, लग्नानंतर दीड-दोन वर्षांत नवरा गेला. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पण त्यांनी स्वतःच पुढे लिहिलं आहे, की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. तो भेटला असं त्यांना वाटायला आणखी सातआठ वर्षं जावी लागली. पटणं आणि सोपवणं यांच्यातलं हे अंतर त्यांनी झाकलं नाही, म्हणून त्यांची साक्ष मला विश्वासाची वाटते.

1896 साली लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्यात त्या आपल्या शारदा सदन या संस्थेतल्या मुलींसह गेल्या होत्या. ख्रिस्ताला मानणाऱ्या त्या मुली होत्या पंधरा. पहाटे झाडीत एकट्या बसून त्यांनी मागणं केलं : पुढच्या मेळाव्याआधी या पंधरांचा वर्ग कर, म्हणजे दोनशे पंचवीस. असं गणित घालून देवाकडे मागणारी बाई मला फार आवडते. त्यात संकोच नाही, मोघमपणा नाही. आणि मागून झाल्यावर त्या बसून राहिल्या नाहीत. मध्य प्रांतात दुष्काळ पडला तसा त्या स्वतः तिकडे गेल्या, दुष्काळी छावण्यांतून फिरल्या आणि काहीशे मुली घेऊन परतल्या. स्वतःच्या उपासमारीच्या आठवणी त्यांना घरी बसू देईनात. पुण्याच्या शारदा सदनात एवढ्या मुली मावणार कुठे? केडगावला शेतजमीन होती, तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. 1899-1900 चा दुष्काळ आमच्या वऱ्हाडावरही फार कठीण गेला. त्याच सुमारास मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या घरात पोचली.

पगारदार मिशनचा आधार त्यांना नव्हता. जॉर्ज म्यूलर आणि हडसन टेलर यांच्या वाटेनं, गरज आधी देवाला सांगायची, असा त्यांचा नेम. मात्र त्याच केडगावात विहिरी खणल्या गेल्या, फळझाडं लागली, माग चालले, तेलघाणा, गोठा, छापखाना उभा राहिला, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवली गेली. समर्पण म्हणजे हातपाय गाळणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी केडगावची ही यादी वाचावी. 1905 च्या जानेवारीत सत्तरएक जणी रोज एकत्र प्रार्थनेला बसू लागल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा बसणाऱ्यांची संख्या साडेपाचशेवर गेली आणि महिना संपता संपता मुक्तीतलं ते प्रसिद्ध आत्मिक जागरण सुरू झालं. त्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्या विहिरींविषयी अधिक सांगावंसं वाटतं.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे समोर ठेवला पाहिजे. समर्पणाचा उपदेश गरिबांना आणि बायकांना फार सहज केला जातो. सोस, देवाच्या हाती दे, गप्प राहा. शतकानुशतकं या शब्दानं तोंडं बंद केली आहेत, मंडळीच्या आत आणि बाहेरही. रमाबाईंना हे ठाऊक होतं. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि बिशपमंडळी त्यांच्याकडून आज्ञाधारकपणाची अपेक्षा करत होती. रमाबाईंनी मुलग्यांना शिकवू नये, असं त्यांच्यापैकी काहींचं मत पडलं. रमाबाईंनी पत्रांमागून पत्रं लिहून ठाम सांगितलं, की माझी सद्‌सद्‌विवेकबुद्धी मी कुठल्याही माणसाच्या स्वाधीन केलेली नाही. जिनं स्वतःला देवाच्या हवाली केलं होतं, ती माणसांच्या हवाली व्हायला तयार नव्हती. हे दोन वेगळे विषय नाहीत. पहिल्यामुळेच दुसरं शक्य झालं, असं मी समजतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची वाट वेगळी. 1895 साली बाप्तिस्मा, मग बावीस वर्षं मिशनचं काम, आणि 1917 साली त्या पगाराचा त्याग करून ख्रिस्ती संन्यास. देवाचा दरबार या नावानं त्यांना बंधुत्व उभारायचं होतं. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, ही त्यांची आस. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो असं ते मोकळेपणानं सांगत, आणि त्यांच्या अभंगांत देवाशी बोलणं हे श्वासासारखं येतं. 1919 च्या मे महिन्यात ते गेले. दरबाराला वेळ मिळाला तो दोन वर्षांहूनही कमी.

पण टिळकांचं समर्पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’शिवाय वाचू नये. घरातलं उचलून कुणाला तरी देऊन टाकणारा नवरा, आणि उद्याच्या पिठाचा विचार करणारी बायको. एकानं ओंजळ रिकामी केली की घरात दुसऱ्या कुणाला तरी ती भरावी लागते. लक्ष्मीबाईंनी ती भरली, रागावून, रडून, हसून. टिळकांमागे अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हाती घेऊन त्याचा मोठा भाग त्यांनीच रचला, तोही शाळेची पायरी न चढता. त्या दोघांत अखंड प्रार्थना कोण जगलं, असं मला कुणी विचारलं तर मी आधी लक्ष्मीबाईंचं नाव घेईन.

आता पुन्हा शेतीकडे येतो. आमच्याकडे सोंगून लावलेल्या सोयाबीनच्या सुडीवर ऑक्टोबरचा पाऊस पडतो आणि चार महिन्यांची मेहनत काळी पडते. अशा वेळी सांत्वनाला आलेली माणसं म्हणतात, प्रभूची इच्छा. त्यांचा हेतू चांगला असतो. तरी मला हे शब्द घाईचे वाटतात. गेथशेमाने बागेत येशूनं पित्याच्या इच्छेला मान तुकवली, पण त्याआधी हा प्याला टळो म्हणून मागितलं, आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. घाम गळेपर्यंत मागून झाल्यावरचं ते सोपवणं होतं. मागणं गिळून टाकून जे उरतं ते समर्पण नसतं, ती हताशा असते, आणि विदर्भानं हताशेची किंमत फार मोजली आहे. ज्या शेतकऱ्याची सुडी भिजली त्यानं देवापुढे भांडावं, रडावं, आणि उठून तलाठ्याकडे पंचनाम्यासाठीही जावं. पीकविम्याचा अर्ज भरताना देवाचं नाव मनात असेल तर तो अर्ज प्रार्थनेबाहेर पडत नाही. मंडळीतल्या चार जणांनी त्याच्याबरोबर तहसीलला जावं. त्या दिवशीची त्यांची उपासना तीच.

रमाबाईंच्या आयुष्याचा शेवट अनेकदा विजयाच्या सुरात सांगितला जातो. मला तो तसा दिसत नाही. मुक्तीचा भार जिच्या खांद्यावर द्यायचा, ती एकुलती एक मनोरमा 1921 च्या जुलैत गेली. चाळीस वर्षांची होती. ती राहावी म्हणून या आईनं काय काय मागितलं असेल! एवढी माणसं जगवणाऱ्या बाईच्या पदरी हे उत्तर आलं, आणि ते का आलं, हे मला सांगता येत नाही. 1905 च्या जागरणापेक्षा त्यांच्या प्रार्थनेची खरी कसोटी या महिन्यांत लागली. त्यांच्यापुढे तेव्हा पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराची मुद्रितं होती. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या माणसांना कळेल अशा मराठीत करायला घेतलेलं, वर्षानुवर्षांचं काम. त्या तपासत राहिल्या. 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या, आणि 1924 साली ते शास्त्र मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडलं, तिथल्याच मुलींनी खिळे जुळवून छापलेलं.